दहाची बाटली संपत का नव्हती

अरे ऐक, मधे काही विचारू नकोस, आधी नुसतं ऐक. मी एक जुना पीएच मीटर आहे. जुना म्हणजे तसा नाही रे, तीनेक वर्षांचा, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. दिसायला मी तुझ्या जाड स्केचपेनाएवढा. वर छोटी काच, तिच्यात आकडे येतात. खाली काचेचा एक गोळा, वाटाण्याएवढा, आणि माझं सगळं डोकं त्या गोळ्यात. पाण्यात बुडवलं की मी सांगतो, पाणी लिंबाच्या बाजूला आहे की सोड्याच्या. सात म्हणजे मधोमध. समुद्र असतो आठच्या जरा वर. झालं, एवढीच माझी विद्या.

पण गंमत अशी की मला जन्मतः काहीच येत नाही. कुणीतरी शिकवावं लागतं की हे बघ, ह्याला दहा म्हणतात. त्यासाठी बाटलीत खास पाणी मिळतं, त्याला बफर म्हणतात, आणि बाटलीवर छापलेलं असतं, हे सातचं, हे दहाचं. मला त्यात बुडवायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, मग माझ्या पाठीवरचा बारीक स्क्रू फिरवायचा, बाटलीवरचा आकडा काचेत येईपर्यंत. तेवढं झालं की मी त्याच मापानं मोजत सुटतो. म्हणजे बाटली खरी तर मी खरा. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

मला क्लेमेंटनं सिंगापूरहून आणलं. क्लेमेंट जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला, घर वसईजवळ गिरीजला, चहूकडे केळीची वाडी. हॉलमध्ये एक मोठी काचेची टाकी, तिच्यात पाकिटातलं मीठ कालवून केलेलं समुद्राचं पाणी, आणि त्यात एकच मोठा मासा. निळा, अंगावर पिवळ्या रेघा. दुकानात त्याला एंजल म्हणतात, पण क्लेमेंट त्याला कॅप्टन म्हणायचा, कारण तो टाकीत इकडून तिकडे असा फिरायचा की जणू बाकी सगळे त्याच्या हाताखाली कामाला आहेत. बाकी होते कोण, तर दोन शंख.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात क्लेमेंट पुन्हा जहाजावर निघाला, तो थेट नाताळला येणार होता. जाण्याआधी त्यानं बायकोला, बेटी तिचं नाव, माझ्यासमोर बसवलं. क्लेमेंटचा मोठा भाऊ पॉल शेजारीच राहतो, तो चहा पीत सोफ्यावर होता.

"तिला कोंबड्या दे सांभाळायला," पॉल म्हणाला. "मासा कसला देतोस."

"कोंबड्यापण मीच सांभाळते, पॉलदादा," बेटी म्हणाली. "अंडी तेवढी तुमच्याकडे जातात."

पॉलनं चहात बिस्कीट बुडवलं आणि विषय सोडला.

क्लेमेंटनं तिला सगळं दाखवलं. आधी मला बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यानं धुवायचं, पुसायचं नाही, झटकायचं. बफर जराशा भांड्यात ओतून घ्यायचं, मला बाटलीत बुडवायचं नाही. दहावर लावायचं, मग सातवर तपासायचं. काम झालं की टोपीत ओला बोळा ठेवून ती घालायची, कारण माझा गोळा सुकला की मी बावळट होतो.

"आणि टाकीचा आकडा आठच्या वर आहे तोवर पाण्याला हात लावू नकोस," तो म्हणाला. "खाली गेला तरच पाणी बदल."

"आणि हे वापरलेलं बफर?"

"सिंकमध्ये."

"सिंगापूरहून आणायचं आणि सिंकमध्ये ओतायचं?"

"सिंकमध्ये, बेटी."

आणि तो गेला.

आता बेटी कशी आहे ते तुला सांगतो. तिच्या घरात तळणीचं उरलेलं तेल गाळून परत डब्यात जातं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं. ब्रेडचा शेवटचा तुकडा कोंबड्यांना. त्या बाईचा हात काही सांडायला म्हणून सिंककडे वळतच नाही. तर दर रविवारी चर्चहून आली की ती खोकल्याच्या औषधाचं छोटं प्लास्टिकचं माप घ्यायची, त्यात दहाचं बफर काढायची, मला लावायची, आणि मापातलं उरलेलं सगळं पुन्हा बाटलीत. थेंबसुद्धा वाया नाही. आणि सातची बाटली तर तिनं उघडलीच नाही. दहा लागलं ना, मग आणखी एक सील कशाला तोडायचं.

मग ती मला टाकीत बुडवायची आणि मी सांगायचो, आठ पॉइंट दोन. रविवारी लाइन मिळाली तर क्लेमेंट कुठल्यातरी बंदरातून फोन करायचा. ती पहिलं वाक्य तेच सांगायची, "आठ पॉइंट दोन." तो म्हणायचा, "शाब्बास." फोन ठेवल्यावर ती जरा वेळ तिथेच उभी राहायची, आणि मला ते बघायला आवडायचं.

पावसाळा आला, खिडक्या बंद, घरात कोंदट. कॅप्टन फिरेना. आधी तो दगडामागे जायला लागला, मग तिथेच राहायला लागला. कल्ले धाप लागल्यासारखे हलत होते. बेटीनं करंदी, म्हणजे छोटी कोळंबी, सोलून बारीक करून टाकली, ती तळाला पडून राहिली. मी मात्र आपला म्हणतोय, आठ पॉइंट दोन. आणि मी ते मनापासून म्हणत होतो रे, मला दुसरं काही माहीतच नव्हतं.

मग एका संध्याकाळी पॉल आला, टाकीत डोकावला.

"हा जातोय," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की मी खोका घेऊन येतो. वसई स्टेशनजवळ एकाला असला मासा हवाच आहे. जिवंत आहे तोवर देऊन टाकू. क्लेमेंटला मी सांगतो."

"नाताळला तो येईल तेव्हा मासा इथेच असेल, पॉलदादा."

"खात असेल तर ठेव. नाही खाल्लं तर नेणार. मेल्यावर तू रडत बसशील."



दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीतली प्रेमलता अळूची पानं घेऊन आली. ती रोजच काही ना काही घेऊन यायची आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसायची.

"उपवास धरलाय काय गं यानं?" ती म्हणाली. "आमच्याकडे असता तर केव्हाच कालवणात गेला असता, एवढं दुखणंच नसतं."

"गप बस. त्याला ऐकू जाईल."

"तुझ्या त्या पेनाला विचार की."

"विचारलं. आठ-दोन. पाणी उत्तम आहे."

"मग मासा खोटं बोलतोय?"

बेटी टाकीपाशी वाकली. मग म्हणाली, "मासा कशाला खोटं बोलेल?"

तिनं मला आणलं, दोन्ही बाटल्या आणल्या. मला पुन्हा दहावर लावलं, धुतलं, झटकलं. आणि पहिल्यांदाच सातच्या बाटलीचं सील तोडलं. जरासं मापात ओतून मला त्यात बुडवलं. मी आत्मविश्वासानं सांगितलं, सात पॉइंट पाच.

"हे बिघडलंय," प्रेमलता म्हणाली. "फेकून दे."

मला काय वाटलं असेल तू कल्पना कर. पण बेटीनं मला फेकलं नाही. ती पुटपुटत होती, "ह्याला दहा शिकवलं तर सात चुकतं." मग तिनं स्क्रू फिरवून मला सातवर लावलं आणि पुन्हा दहाच्यात बुडवलं. मी म्हणालो, नऊ पॉइंट पाच.

"आता दहा चुकतं," ती म्हणाली. "पेन नाही गं, बाटली. दोघींपैकी एक खोटी आहे."

प्रेमलतानं दोन्ही बाटल्या हातात घेतल्या, उजेडाकडे धरल्या. सातची आत्ताच उघडलेली, काठोकाठ. दहाची पण जवळजवळ तेवढीच.

"ही तू दर रविवारी वापरतेस ना?"

"हो."

"उन्हाळ्यापासून?"

"हो."

"मग संपत कशी नाही ही? कसलं वरदान आहे हिला?"

"टाकत नाही मी," बेटी जरा अभिमानानंच म्हणाली. "परत ओतते."

आणि दोघीही बाटलीकडे बघत राहिल्या.

दहाच्या पाण्याला हवा लागत राहिली की ते खाली उतरतं, मित्रा. त्यात माझ्या अंगावरचे टाकीचे थेंब जात होते, औषधाच्या मापातलं काय काय जात होतं. दर रविवारी बाटली थोडी थोडी उतरत होती, आणि दर रविवारी बेटी स्क्रू फिरवून मला सांगत होती, हेच दहा. खाली, बंद घरातल्या कोंदट हवेनं आणि न बदललेल्या पाण्यानं, टाकीपण उतरत होती. आम्ही तिघं बरोबरीनं खाली गेलो, म्हणून कुणाला काही दिसलं नाही, एका कॅप्टनशिवाय.

तिनं मला परत सातवर नीट लावलं आणि टाकीत सोडलं. सात पॉइंट सात.

प्रेमलता उठून स्वयंपाकघरात गेली आणि खायच्या सोड्याचा डबा घेऊन आली. "टाक मूठभर, लगेच चढेल."

"एकदम नको. इतके दिवस हळूहळू उतरलंय, हळूहळूच चढू दे."

तिनं खिडक्या उघडल्या, पाऊस आत आला तरी. रोज एक बादली जुनं पाणी काढून एक बादली नवीन, मीठ कालवून रात्रभर ठेवलेलं. आणि रोज मला सातवर लावायचं, आणि मापातलं बफर सिंकमध्ये. पहिल्या दिवशी ते ओतताना ती दुसरीकडे बघत होती, खरं सांगतो. सात-आठ. सात-नऊ. मग आठ. कॅप्टन दगडामागून अर्धा बाहेर आला.

रविवारी पॉल थर्माकोलचा खोका घेऊन आला. बेटीनं करंदीचा एक तुकडा पाण्यात सोडला. तो खाली जात होता, खाली जात होता, आणि अगदी तळाला टेकताना कॅप्टननं तो उचलला. मग दुसऱ्यासाठी वर आला.

पॉलनं खोका खाली ठेवला. "होतं काय मग त्याला?"

"पाणी उतरलं होतं."

"आणि हे पेन एवढे दिवस बरोबर दाखवत होतं?" त्यानं मला टेबलावरून उचललं. "म्हणजे हेच भंगार. तरी मी म्हणत होतो, बाहेरचा माल, दिसायला चकाचक." तो मला घेऊन कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेला.

तेवढ्यात फोन वाजला. पॉल जवळ होता, त्यानंच घेतला, मी अजून त्याच्या दुसऱ्या हातात. "हां क्लेमेंट, तुझा मासा वाचला रे. पेन खराब निघालं तुझं. घे, तिच्याशी बोल."

बेटीनं फोन घेतला. पॉल तिच्याकडे बघत होता. डब्याचं झाकण उघडं होतं.

"पेन चांगलं आहे," ती म्हणाली. "बफर मी परत बाटलीत ओतत होते. प्रत्येक वेळी. तू सिंकमध्ये म्हणाला होतास."

 क्लेमेंट तिकडून इतका हसला की मलापण ऐकू आलं.

पॉलनं मला टेबलावर ठेवलं. "मी म्हटलं होतं ना, कोंबड्या दे."

"म्हटलं होतं," बेटी म्हणाली. "आता मासा खातोय तेपण सांगा त्याला," आणि फोन त्याच्या हातात दिला.

तर तू कधी माझ्यासारखा एखादा घेतलास तर वापरलेलं बफर टाकून दे, जीव तुटला तरी टाक. एका बाटलीवर भरवसा ठेवू नकोस, दुसरीला विचार. माझी टोपी ओली ठेव. आणि आकडा छान असला तरी टाकीत काय चाललंय ते बघ.

पण मला आजही बेटीचं तेच आठवतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पॉल सगळं बोलून मोकळा झाला होता, आणि मला तर तोंडच नाही. समोर दीर, कानाला फोन, आणि दोष घ्यायला मी आयता डब्यावर धरलेला. तू असतास तर काय केलं असतंस, सांग बघू?