दोन फिती उसवणारी कात्री

मी एक जुनी कात्री आहे. कापड कापणारी मोठी नव्हे. शिवण उसवायची, वीतभरही नसलेली, टोकदार. बेळगावच्या कॅम्पात कल्लाप्पा शिंप्याच्या दुकानात माझी उभी हयात गेली. मित्रांनो, मी लहान असले तरी जिभेने तिखट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे पलटणीतले जवान. उजव्या बाहीवर एक फीत लागली की लान्सनायक, दोन लागल्या की नायक, तीन झाल्या की हवालदार. बढतीचा हुकूम कागदावर दाखवल्याशिवाय कल्लाप्पा फितीला टाका घालत नसे. हे काम सुईचं. फीत लागली की दुकानात पेढे यायचे आणि कौतुक सुईचं व्हायचं. माझ्या वाट्याला उसवणं. एकदा शिक्षा झालेल्या हवालदाराच्या तिन्ही फिती मी काढल्या, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

१९७८ साली नायक भरमा दुकानात आला. खानापूरकडच्या खेड्यातल्या नागुबाईचा हा एकुलता एक लेक.

"अण्णा, दोन्ही फिती काढा."

कल्लाप्पाचा हात थबकला. "काय केलंस रं बाबा?"

"काय न्हाय. साहेब व्हायच्या परीक्षेत पास झालोय. डेहराडूनला चाललोय. थितं समदे कॅडेट, फीत कुणालाच न्हाय. चार वर्सं निभावलं तर खांद्यावर एक स्टार. न्हाय निभावलं तर आलो परत."

मी टाका न् टाका उसवला, पण सदऱ्याला भोक पडू दिलं नाही. फिती निघाल्या. खालच्या कापडाला कधी ऊन लागलं नव्हतं, म्हणून तिथे दोन फितींच्या गडद खुणा उरल्या. भरमाने तो सदरा आणि फिती घरी ठेवल्या, आईला "शिकाय चाललोय" एवढंच सांगितलं आणि गाडी पकडली. साहेब व्हायला निघालेल्या माणसाला आईला नीट समजावता येऊ नये, याला काय म्हणावं!

आठच दिवसांत नागुबाई दुकानात हजर. सदरा तिने मेजावर आपटला.

"कुणी काढल्या माज्या लेकाच्या फिती?"

कल्लाप्पाने खुशाल माझ्याकडे बोट दाखवलं.

"आमची शेजारीण मालुबाई गावभर सांगत सुटलीया, भरमानं चोरी केली म्हणून फिती गेल्या. ह्या घ्या. परत शिवा!"

कल्लाप्पाने खडू उचलला आणि मेजावर दोन शिड्या काढल्या. "आक्का, ही जवानाची शिडी. तीन फिती झाल्या की म्होरं खांद्यावर जायचं. रंगीत पट्टीवर एक स्टार म्हंजे नायब सुभेदार, दोन म्हंजे सुभेदार, मग सुभेदार मेजर. तवर डोस्क्याचे केस पिकत्यात, आन शिडी संपती. ही दुसरी साहेबाची. बिनपट्टीचा एक स्टार सेकंड लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, तीन कॅप्टन. मग स्टार जाऊन सिंह येतोय, त्यो मेजर. ह्या शिडीवरनं त्या शिडीवर उडी मारता येत न्हाय. आधी खाली उतराय लागतंय."

नागुबाईने खडूच्या दोन्ही शिड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे भाताच्या रोपागत. वाफ्यातनं उपटल्याबिगर लावण न्हाय."

"व्हय आक्का."

"आन उपटल्यालं समदंच जगत न्हाय."

तिने फिती पदराच्या गाठीत बांधल्या. "ऱ्हाऊ दे मग. न्हाय शिवायच्या," म्हणाली आणि खानापूरची मोटार गाठायला निघून गेली.

पुढची चार वर्षं भाताच्या लावणीला ती लुगड्यावर तोच सदरा घालायची. बाजाराला आली की स्वतःच सांगायची, "मालुबाई बांधावर दिसली की मी उजवा हात वर करूनच हाक मारतो. बघू दे खुणा. हसतील त्यांचे दात दिसतील." मला ही बाई फार आवडायला लागली.

१९८२ साली भरमा अधिकारी झाला. डेहराडूनला रिवाज असा, की तारा आईबापांनी लावायचा. नागुबाईचं गाठोडंसुद्धा बांधून तयार होतं, पण ऐन वेळी तापाने तिला अंथरुणावर पाडलं. भरमाच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाच्या आईने तारा लावला. रजेवर येताच तो आईला घेऊन थेट आमच्या दुकानात आला. हातात नवा सदरा होता, खांदे मुद्दाम कोरे ठेवलेले.

"या साहेब," कल्लाप्पा म्हणाला.

"अण्णा, साहेब नगा म्हणू. ताऱ्यामागच्या खिळीसाठी खांद्याला भोक पाडा. तारा आई लावंल."

सुई पुढे सरकली, पण खिळीच्या मापाचं भोक सुईने पडत नाही. कल्लाप्पाने मला उचललं.

"हिकडं आणा," नागुबाई म्हणाली. कल्लाप्पाने खांद्यावर खडूने केलेल्या खुणेवर तिने माझं टोक बरोबर टेकवलं आणि दाबलं. जन्मभर काढण्याचंच काम केलेल्या मला त्या दिवशी लावण्याच्या कामाला हात लागला. आनंदाने मला रडू आलं असतं, पण लोखंडाला पाणी सोसत नाही.

तारा बसल्यावर तिने लेकाकडे डोळे वटारून बघितलं. "दोन गेल्या, आन एकच आणलास व्हय रं?"

"दुसरा दोन वर्सांनी येतोय गं. तिसऱ्याला आनी परीक्षा."

"अण्णा, कात्री जपून ठेवा," ती म्हणाली.

मित्रांनो, दुसरा आणि तिसरा तारासुद्धा तिने माझ्याच टोकाने लावला. आता कल्लाप्पाला दिसत नाही. त्याची सून माझ्या टोकाने दुधाच्या पिशव्या फोडते आणि माझ्या सांध्याला गंज धरलाय. मला तेलाचा एक थेंब द्या हो. कुणाच्या फिती निघालेल्या दिसल्या तर हसू नका, तो कुठे निघालाय ते आधी विचारा. आणि तेल लवकर द्या. कॅप्टन भरमा मेजर होणार आहे. सिंहाला जागा करायला तिन्ही तारे काढावे लागतील, आणि नागुबाई मलाच मागणार आहे.