पकड

तुळसाने पिशवीच्या तोंडातून हात आत घातला, चाचपला आणि बाहेर काढला. तळहातावर सुपारीएवढे गोटे होते. तिने ते बोटांनी दाबून पाहिले. फुटले नाहीत.

"मुन्नाभाऊ, हे केमिकल नाही चालत. बदलून आना."

टाइल चिकटवायच्या सिमेंटी मिश्रणाला इकडचे मिस्त्री केमिकलच म्हणतात. मुन्ना त्या दिवशीचा मासळीचा धंदा बुडवून घरी थांबला होता. तो वैतागला.

"चाळून घ्या न मावशी. गोटे फेकाचे, भुकटी वापराची. एवढं का हाये त्यात?"

"पिशवीले वल लागली हाये. गोटा झाला त्याची पकड तं गेलीच. भुकटीत किती राह्यली, हे कोन सांगन?"

न्हाणीत टाइल बसवायचे काम मुन्नाने दिवाळीआधीच यादोरावला दिले होते, आसगावच्या मिस्त्रीला. आली होती त्याची बायको. दिवाळीनंतर यादोरावला लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. लग्न झाल्यापासून तुळसा त्याच्या हाताखाली रेजा म्हणून राबली होती. माल कालवणे, घमेली उचलणे, फरश्या पुसून देणे. भिंतीला थापी लावणे हे काम मात्र त्याचे. हल्ली घरच्या मोरीत टाइल लावून आणि पुन्हा काढून तिने स्वतःचा हात बसवला होता. सकाळी निघताना खाटेवरून यादोराव म्हणाला होता, "लोकं हासतील, तुळसा. नाही सांगून दे त्याहिले." तिने थापी थैलीत टाकली आणि म्हणाली, "हासू द्या."

"मिस्त्री असते तं चाळून घेतलं असतं," मुन्ना पुटपुटला.

"नसतं घेतलं," तुळसा म्हणाली.

जमुनाबाई, मुन्नाची आई, ओट्यावर पाय लांब करून बसली होती. मागच्या पावसाळ्यात याच न्हाणीतली टाइल भिंतीवरून सुटून तिच्या पायावर पडली होती. शीर कापली गेली, तेव्हापासून ती लंगडते. आधीच्या मिस्त्रीने गुळगुळीत टाइल नुसत्या सिमेंटवर बसवल्या होत्या. सिमेंटने त्यांना धरलेच नव्हते.

"जा मुन्ना," ती म्हणाली. "बदलून आन."

मुन्ना गाडी घेऊन बाजारात गेला. दुकानदाराशी हुज्जत घालून तो नवी पिशवी घेऊन आला, तोवर ऊन चढले होते. तुळसाने पिशवीवरची तारीख वाचली, हात घालून पाहिला. भुकटी मैद्यासारखी मोकळी होती. तिने बादलीत आधी पाणी घेतले, मग त्यात भुकटी सोडून कालवली आणि बादली सावलीत ठेवून स्वस्थ बसली.

"आता कायची वाट पाहून राहिल्या?" मुन्नाने विचारले.

"मुरू द्या लागते थोडं. मंग पुन्हा घोटाचं."

घोटून झाल्यावर ती भिंतीशी उभी राहिली. पहिला थर कुठे जाड, कुठे पातळ ओढला गेला. तिने तो खरवडून काढला आणि पुन्हा ओढला. दातेरी पट्टीने त्यावर रेघा उमटल्या. टाइल टेकवली, दाबली, रबरी हातोडीने ठोकली. मग दुसरी. खालून दोन रांगा झाल्यावर तिचा हात सरावला.

दुपारी उन्हाने बादलीतला माल घट्ट व्हायला लागला. तुळसा ओळंबा बघत असताना मदत म्हणून मुन्नाने त्यात मग्गाभर पाणी ओतले आणि काठीने ढवळले. तुळसाने वळून पाहिले. तिने बादली उचलली आणि परसातल्या खड्ड्यात सगळी पालथी केली.

"अरे! चांगला माल होता न!" मुन्ना ओरडला. "काहून फेकला?"

"एकदा धरू लागला की पाणी नाही टाकत त्यात. वरून नरम दिसते, भिंतीवर सुटते."

"तुमी अशानं आज काम करून देता का नुकसान?"

"मुन्ना," ओट्यावरून जमुनाबाईचा आवाज आला, "माह्या पायाकडे बघ अन मंग बोल."

मुन्नाने रिकामी बादली धुऊन आणली. तुळसाने नवीन माल कालवला, या वेळी थोडाच.

संध्याकाळी शेवटच्या रांगेतली एक टाइल तिने थापीने उचकटून काढली. मुन्नाने कपाळावर हात मारला. टाइलच्या पाठीवर एक कोपरा कोरा होता, माल लागलाच नव्हता. तुळसाचा चेहरा उतरला. तिने शेजारच्याही उचकटल्या. तशाच निघाल्या. सगळी रांग काढून, पाठीलाही माल चोपडून तिने ती पुन्हा बसवली. शेवटची बस तोवर निघून गेली होती. मुन्नाने न सांगता गाडी काढली आणि तिला आसगावला सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी सांधे भरायला ती निघाली, तर यादोराव सदरा घालून दारात उभा.

"तुमी कायले?"

"काम पायतो."

मुन्नाच्या न्हाणीत शिरल्यावर त्याने उजवा हात डाव्याने पोटाशी धरला, मग सोडला आणि डाव्या हाताच्या बोटांनी टाइल वाजवायला सुरुवात केली. कोपरे, मध्य, पुन्हा कोपरे. पोकळ बोलते का, कान लावून ऐकत तो खालपासून वरपर्यंत गेला. वरच्या रांगेला त्याचा हात पोहोचेना. मुन्नाने स्टूल आणले आणि त्याला धरून वर चढवले. तुळसा दाराशी उभी होती.

तो खाली उतरला.

"भर सांधे," तो म्हणाला.

ती कामाला लागली. काम संपवून बाहेर आली तेव्हा यादोराव परसातल्या नळाशी उकिडवा बसला होता. कालची थापी त्याने पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरली होती आणि डाव्या हाताने तिच्यावरचा वाळलेला माल घासत होता. आजवर ते काम तिचे होते. तिने पुढे होऊन हात लांबवला.

"राहू दे," तो मान वर न करता म्हणाला, "तू बस."

ती ओट्यावर जमुनाबाईशेजारी बसली. नळाचे पाणी पांढुरके होत परसातून वाहत राहिले.