मूठमाती

कौसल्याने बाभळीची फांदी वर उचलून धरली आणि आईला हात देऊन बांध ओलांडू दिला. अंजनाबाईंनी धापा टाकत समोर पाहिलं. जवसाच्या निळ्या शेतात कडुनिंबाखाली एवढासा तुकडा नांगराविना राहिला होता. त्यावर दगडांची रास होती.

मौद्याच्या ठाण्यात कौसल्याच्या वडिलांचं, नत्थूजी शिपायाचं, नावही आता कुणाला ठाऊक नव्हतं. बाजारातला एक म्हातारा मात्र म्हणाला होता, "हैज्यात गेला तो शिपाई ना? पार्वतीबाईच्या वावरात जा."

चव्वेचाळीस साली नागपूरला निरोप पोचला, तो सगळं उरकल्यावर. तेव्हापासून अंजनाबाईंना एकच गोष्ट कुरतडत आली होती. त्या काळी आपल्या जातीच्या माणसाला शिवायलाच कोणी धजत नसे. त्यात हा पटकीने गेलेला. हात कोणी लावला असेल? की ओढत नेऊन टाकलं असेल?

निंदण करणारी एक म्हातारी विळा घेऊन उठली.

"कोन वं?"

"मी त्याईची बायको," दगडांकडे पाहत अंजनाबाई म्हणाल्या.

पार्वतीबाईंनी विळा खाली ठेवला.

"इथं कोनी आनलं होतं त्याईले?" अंजनाबाईंनी विचारलं.

"गाव पळालं होतं बाई. माह्या मालकानं हात लावाले नाही म्हटलं. मंग मीच बंडी जुपली, मीच खड्डा खनला अन् मीच माती देल्ली. माह्या सासूले दवा आनून पाजनारा तोच तर होता." त्या हसल्या. "घरच्यायनं मले लय दिवस चुलीजवळ येऊ देल्लं नाही."

कौसल्याने पिशवीतून मेणबत्ती काढून लावली. ती वाऱ्याने विझली. दुसऱ्यांदा लावली, तेव्हा पार्वतीबाईंनी पदराचा आडोसा धरला. आई हळू आवाजात त्रिशरण म्हणत होती. ते संपेपर्यंत पार्वतीबाई तशाच वाकून राहिल्या.

"शेवटी काही बोलले काय?" अंजनाबाईंनी विचारलं.

पार्वतीबाई घुटमळल्या. त्यांनी कौसल्याकडे पाहिलं.

"हे कोन?"

"कौसल्या. त्याईचीच पोरगी. शाळेत शिकवते."

"हेच नाव घे तो," पार्वतीबाई म्हणाल्या. "पानी मांगे, अन् कौसल्या, कौसल्या म्हने."

कौसल्याने बोलायला तोंड उघडलं. वडील गेले तेव्हा ती आईच्या पोटात होती. नाव आजीने ठेवलेलं, तेही बारशाच्या दिवशी ऐनवेळी सुचलं म्हणून.

आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"म्हनतच असन," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका निवळला होता. "त्याईले पोरीचीच लय हौस होती."