तांब्याची नळी

फिटरताईने सोड्याची मशीन एकदा दुरुस्त केली की ती वर्षभर कुरकुरत नाही, अशी बाजारात तिची ख्याती होती. थोरल्या भावाच्या शीतपेयांच्या दुकानातली मशीन तर तिने स्वतः बसवलेली. तिथे नळाचं पाणी तांब्याच्या नळीतून येई. म्हणून तिने मशीनच्या तोंडाशी पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला आणि भावाला बजावलं, "दादा, पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरला की त्याचं आम्ल होतं. जिभेला झणझणीत लागतं, पण तांब्याला कुरतडतं. ते पाणी उलटं नळीत गेलं तर तांबं ग्लासात उतरेल. याला हात लावू नकोस."

"तू म्हणशील ती पूर्व दिशा," दादा हसून म्हणाला.

चार महिन्यांनी त्याच्या दुकानात सोडा प्यायलेल्या सात जणांना उलट्या झाल्या. तपासनीस आल्याचं कळताच ती हातातलं काम टाकून धावली. दारातच तिच्या कानावर दादाचं बोलणं पडलं.

"साहेब, मला यातलं ओ की ठो कळत नाही. जोडणी सगळी माझ्या बहिणीची."

पान्याने तिने जोड उघडला. व्हॉल्व्ह नव्हता. नळीतलं पाणी तिने पांढऱ्या कपात धरलं. ते फिकट निळं होतं, तांबं उतरल्याची खूण.

"व्हॉल्व्ह कुठे गेला, दादा?"

"असलं काही नव्हतंच इथे."

गल्ल्यावर बसलेली वहिनी खाली मान घालून म्हणाली, "अहो, धार बारीक येते म्हणून तुम्हीच काढायला लावलात ना?"

तपासनिसाने ते लिहून घेतलं.

दादाने बहिणीला कोपऱ्यात ओढलं. "तू कबूल केलं असतंस तर काय बिघडलं असतं? माझा परवाना जाईल. तू एकटा जीव, तुझं कसंही भागतं."

लहानपणी तिच्या चुका अंगावर घेऊन मार खाणारा हाच दादा.

"भागतं ते माझ्या नावावर भागतं," ती म्हणाली, आणि हत्यारं गोळा करून निघाली.

आजारी माणसं बरी झाली. दुकान दोन महिने बंद राहिलं. उघडताना दादाने मशीनसाठी फोन केला, जणू काही घडलंच नव्हतं. तिने दुसऱ्या फिटरचा नंबर दिला. तिची तीन गिऱ्हाइकं मात्र परतली नाहीत. तपासनिसाचा अहवाल कोण वाचतो? सख्खा भाऊच म्हणाला, म्हणजे त्यात तथ्य असणारच, असं लोक बोलत राहिले.