सोळा तास

"पंपकाका, इकडे या. तुमचं नाव छापून येणार आहे!" सकाळी आल्या आल्या बाईंनी हाक मारली.

बाई म्हणजे आमच्या वेधशाळेतल्या थोरल्या शास्त्रज्ञ, महिनाअखेर निवृत्त होणार. ताऱ्यांमधल्या काळ्या ढगांत पाणी आहे का, हे त्या बारा वर्षं शोधत होत्या. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश दुर्बिणीतून टिपायचा. ढगात बर्फ असला, तर तो त्या प्रकाशाचा ठरावीक तुकडा गिळतो आणि आलेखात खड्डा पडतो. तसा खड्डा अखेर सापडला होता. लेख तयार होता, आणि खाली आभारांत मी.



प्रकाश टिपणारं यंत्र भयंकर थंड ठेवतात. त्याआधी दोन दिवस मिळून सोळा तास पंपाने आतली हवा खेचायची, हे माझं काम. आत ओल राहिली तर ती काचेवर गोठते आणि हुबेहूब तसाच खड्डा पाडते. हा खड्डा सापडला त्या खेपेला मी एकच दिवस पंप चालवला आणि नोंदवहीत सोळा तास ठोकून दिले. बाई माझी वही कधीच तपासत नसत. बर्फ ढगातलाच असेल, अशी मनाची समजूत घालत सहा महिने मी तोंड शिवून बसलो होतो.

"बाई, माझं नाव नका घालू."

"लाजताय की काय?"

"तेव्हा सोळा तास नव्हते झाले. आठच झाले होते."

बाईंचं हसू जरा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

"तरीच," त्या आलेखाकडे बघत म्हणाल्या. "ढगाबाहेरचा तुलनेचा तारा आधी बघितला, तेव्हा काच स्वच्छ असणार, म्हणून त्यात खड्डा नाही. मग काचेवर बर्फ धरत गेला."

"परत बघता येईल ना?"

"दुर्बिणीवर आपली पाळी पुढच्या वर्षी. मी कुठे असणार तेव्हा?"

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कुठे गेला होतात?"

"नातीचं शाळेत नाटक होतं."

"काय झाली होती?"

"झाड."

बाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"लावा पंप. माझ्यामागून येईल त्याला तरी यंत्र कोरडं मिळू दे."

मी जुनी नोंद खोडून आठ लिहिले, सही केली आणि पंप लावला. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पंपाच्या घरघरीत बोलता येत नव्हतं, तेवढाच मला आधार.

संध्याकाळी पंप बंद करून मी वहीत आठ तास लिहिले. बाईंनी वही स्वतःकडे ओढली. आधी घड्याळ पाहिलं, मग माझा आकडा.