चाळीस जागा आणि एक तरंगतं घर

धुक्यात समुद्र दिसत नव्हता, म्हणून घर हवेतूनच चाललंय असं वाटत होतं. लाकडी, दुमजली, खिडक्यांना पडदे तसेच. दोन होड्या त्याला दोरखंडांनी ओढत होत्या आणि पलीकडच्या किनाऱ्यावर बैलांच्या जोड्या भरतीची वाट बघत उभ्या होत्या. चिलीतल्या चिलोए बेटावर माणूस जागा बदलतो तेव्हा घर मागे सोडत नाही. गावाला हाक घालतो, गाव दोराला लागतं. या हाकेला म्हणतात मिंगा. आणि मिंगाला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नसतं, मग तो दोर ओढो की नुसता जेवो.

ओतिलिया मान्सियाची अडचण इथूनच सुरू झाली, कारण दारातून परत पाठवणं हेच तिचं काम होतं.

बेटावरच्या कास्त्रो गावात, दूरसंचार केंद्रात ती सोळा वर्षं बसत होती. समुद्राखालची तार गेल्या आठवड्यात कुठल्याशा जहाजाच्या नांगरानं तुटली होती, आणि दुरुस्ती होईपर्यंत बेटाचा सगळा भार मनोऱ्यांवरच्या जुन्या बिनतारी वाटेवर होता. त्या वाटेत चाळीस चालती चित्रं धड मावायची. फोनवरचे आवाज बारीक, ते कडेकडेनं कसेही निघून जात. एक पट्टी इस्पितळासाठी राखलेली. नवा कोणी आला की यंत्र आधी विचारायचं: याला घेतलं तर आतल्यांचं चित्र नीट राहील? नसेल राहत, तर दार बंद.

आज जेवणानंतर ओतिलियानं तो प्रश्नच बंद करून टाकला.

दाराशी सगळे आपलेच होते ना! दक्षिणेला पुन्ता अरेनासला कामाला गेलेली आणि तिथेच म्हातारी झालेली बेटावरची माणसं. प्रत्येकाचा हिशेब ओतिलियाला पाठ. हा फाउस्तिनो, आयुष्यात दोराला हात लावला तो फोटोपुरता. या बार्रिया बहिणी, घर किनाऱ्याला लागताना कधी दिसल्या नाहीत, पातेलं उतरताना कधी चुकल्या नाहीत. पण मिंगा ती मिंगा. निघालेलं घर होडीवरच्या कॅमेऱ्यातून बघायला तिनं सगळ्यांना आत घेतलं.

"एकशे ऐंशी झाले," शेजारच्या टेबलावरून निबाल्दो म्हणाला. माते नावाच्या कडवट चहाचा भोपळा हातात धरून तो नळीनं सावकाश ओढत होता.

"थोडं थोडं सगळ्यांना मिळेल."

"चित्र म्हणजे रस्सा नाही बाई, पाणी घालून वाढवायला."

तो बोलला आणि तसंच झालं. एकशे ऐंशी पडद्यांवर घर एका लाटेवर तिरकं झालं आणि तिथंच थिजलं. समुद्रावर ते मजेत पुढे चाललं होतं, पण पुन्ता अरेनासमध्ये ते बुडालं. फोनांचा पाऊस पडला. फाउस्तिनोनं म्हणे जपमाळ काढली.

ओतिलियानं जीभ चावली आणि यंत्राचा प्रश्न पुन्हा चालू केला. सगळे बाहेर फेकले गेले, आणि ज्यांची बोटं चपळ ते चाळीस आत आले. पडद्यावरच्या रेषा शांत झाल्या, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारख्या.

मग तिचा स्वतःचा फोन वाजला.

"ओतिलिया, इथे लिहून आलंय, थांबा म्हणून."

आई. एदेल्मिराबाई, वय अठ्ठ्याऐंशी, तीही पुन्ता अरेनासलाच म्हातारी झालेली. त्या घराच्या वरच्या खोलीत जन्मलेली. आता घर भाच्याचं होतं, पण ते नव्या जागी ठेवलेलं बघितल्याशिवाय मरायचं नाही असं तिनं जाहीर करून टाकलं होतं.

"आई, जागा भरली. तुला उशीर झाला."

"चांगली शाल शोधत होते. घर येतंय, मी काय स्वयंपाकाच्या झग्यात बसू?" मग जरा थांबून, "माझ्याच घरात मला जागा नाही?"

ओतिलियानं घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाऊण तासात भरती पूर्ण होणार, आणि बैल घर वर खेचणार. पुन्हा ते तरंगणार नव्हतं.

"इस्पितळाची पट्टी रिकामी आहे," निबाल्दो हळूच म्हणाला. "सकाळपासून कुणी फिरकलं नाही."

तिचं बोट कळीपर्यंत गेलं.

"रिकामी नाही, राखलेली आहे," ती म्हणाली.

"फरक काय?"

"तुझी बायको तिथे अडली असती तर कळला असता."

निबाल्दोनं मातेत गरम पाणी ओतलं. ओतिलियानं चाळीस नावं खालीवर केली. एकाला काढून आईला घ्यावं? आत घेतलेल्याला शब्द दिलेला असतो. तेविसाव्या नावावर तिचं बोट थांबलं: मेलानिया ओयार्सो. आईच्या गल्लीतच, सहा दारं पलीकडे.

तिला हसू आलं. चाळीस जागा होत्या त्या पडद्यांना. पडद्यासमोर किती बसावं हे यंत्र कुठे विचारत होतं? एका दोराला दहा हात लागतात, हे बेटावर शेंबडं पोरही जाणतं. बाहेर ताटकळणाऱ्या सगळ्यांना तिनं निरोप धाडला: शेजाऱ्याकडे जा, मिंगा आहे.

मग आईला सांगितलं.

"मेलानियाकडे? बावीस वर्षं मी तिचा उंबरा ओलांडला नाही."

"तुझाच दोष. तिचा मिल्काओ आतून कच्चा आहे, असं भरल्या पंगतीत कोण म्हणालं?"

"कच्चाच होता!"

"बटाट्याच्या भाकरीपायी घर घालवणार का?"

फोनवर खुर्ची सरकली. मग काठीचा आवाज आला, मग वारा, मग दार.

"एदेल्मिरा," मेलानियाबाईंचा आवाज. "वाटलंच होतं. शाल घालून आली आहेस म्हणजे भांडायला नाही. बस. पुढे नको, मला दिसत नाही."

फोन चालूच राहिला. ओतिलियासमोर घर नव्हतंच. ती बघत बसली असती तर एक जागा तिनं खाल्ली असती. तिच्यासमोर चाळीस रेषा होत्या, आणि तेविसावी स्थिर होती.

"तू बघतेयस ना, पोरी?"

"तू सांग."

"धुकं आहे गं. आता होड्या सुटल्या. बैल लागले." आईचा आवाज लहान होत गेला. "जिना दिसतोय का बघते मी... माझ्या खोलीच्या खिडकीत पाणी चमकतंय. आपल्याला वाटायचं ना, समुद्र घराकडे येतो? आज घर समुद्रातून येतंय."

ओतिलियानं डोळे मिटले. कानातल्या त्या बारीक वाटेनं दुमजली घर आत आलं, पडद्यांसकट, कुठेही न थिजता.

"टेकलं," आई म्हणाली.

मग बशीचा आवाज झाला, आणि आईनं काहीतरी चावलं.

"कसा आहे?" मेलानियाबाईंनी विचारलं.

बावीस वर्षांचा घास आई सावकाश चघळत राहिली. ओतिलियाही ऐकत राहिली.

"शिजलाय," आई म्हणाली. "आज."