बापाच्या चेहऱ्याचा बाहुला

मी बाहुला बोलतोय. हाडं तारेची, अंग स्पंजाचं, उंची वीतभर. जन्म नॉटिंगहॅममधल्या एका गॅरेजात, २००६ साली. शाळा मला नाही, पण माणसाचे हात ओळखतो.

मला मीनाक्षीने केलं. ती स्वतःच्या लहानपणावर अ‍ॅनिमेशनची फिल्म करत होती. त्यात मी तिचा बाप. तिने मला मिशा रंगवल्या, भुवया आकसून चिकटवल्या. तेव्हाच मला संशय आला. भुवया आधी ठरल्या, की न्याय व्हायचा नाही.

काम एकच. छोटी बाहुली चित्र काढून आणते. मी शाईत बोट बुडवून त्यावर काळा ठिपका लावतो. ती रडते. मला केसभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं. एका सेकंदाला पंचवीस फोटो. चार दिवस मी त्या पोरीची चित्रं नासवत होतो.

माणूस लहानपण आठवायला बसला की मी सावध होतो. त्याला मोठी माणसं खालूनच दिसतात.

शुक्रवारी फिल्म महोत्सवाला जाणार होती. एकदा गेली की बाप कायमचा असाच. बुधवारी खरा बाप आला. शशिधर, होजिअरीच्या कारखान्यातून रिटायर झालेला. त्याने मला न्याहाळलं, मी त्याला. हा मला मोडायला आलाय, असं वाटलं.

"हा काय करतोय?"

"बाबा, तुम्ही करायचात तेच. माझं प्रत्येक ड्रॉइंग स्पॉइल करायचात."

"तीट होती ती."

"तीट बेबीला लावतात. पेपरला कोण लावतं?"

"चांगल्याला लावतात. दृष्ट लागू नये म्हणून. त्या एका चित्राला नव्हती लावली."

"माझा घोडा? बाबा, तो एकच तुम्हाला आवडला, असं मला वाटायचं."

"घोडा होता तो? मी टेबल समजत होतो."

मीनाक्षी हसली नाही. ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, आता भुवया उपटणार. तिने भुवयांना हात लावला नाही. स्वतःचं बोट शाईत बुडवलं आणि माझ्या गालावर टेकवलं. मग फोटो काढला. फिल्म तिथेच संपते.

"जरा मोठी लावलीस," शशिधर म्हणाला.

आता मी खोक्यात असतो. कधी पुसायला काढलंत, तर गालावरच्या ठिपक्याएवढी जागा सोडा. माणसाच्या हातांवर माझा अजून भरवसा नाही. त्या एका बोटाचं वेगळं.